बघून की न बघता

ठसेताईंवर मी जितका चिडलो आहे तितका घरच्यांवरही कधी चिडलो नसेन, आणि घरी माझी ख्याती काय आहे ते माझ्या बायकोला विचारा. तरीही आमच्या कचेरीतल्या कुणा एका माणसाबद्दल लिहायचे ठरले तर मी त्यांच्याबद्दलच लिहीन. मालकांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही, आणि माझ्याबद्दल जे आहे ते यात ओघाने येणारच आहे.

कचेरी म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही रक्तपेढ्यांसाठी एक प्रोग्राम बनवतो. रक्ताच्या पिशवीवर जी चिठ्ठी असते ना, रक्तगट कोणता, पिशवीचा क्रमांक काय, रक्त कधी घेतले आणि कधीपर्यंत वापरायचे, ती आमच्या प्रोग्राममधून छापली जाते. त्र्याऐंशी रक्तपेढ्या तो वापरतात. प्रोग्राम मी लिहितो, मालक विकतात, आणि विकल्यानंतरच्या सगळ्या कटकटी ताई फोनवर निस्तरतात. त्यांचे टेबल खिडकीशी आहे. टेबलावर फोन, टोक काढलेल्या चार पेन्सिली आणि एक जाडजूड वही. त्या वहीला हात लावायची मुभा मालकांनाही नाही.

ठसेताई हे नाव मी ठेवले. तोंडावर आम्ही नुसते ताई म्हणतो. झाले असे, की संगणकावरच्या प्रत्येक फाईलचा एक ठसा काढता येतो. चौसष्ट अक्षरे आणि आकडे, एका लांबलचक ओळीत. फाईलमध्ये एक ठिपका जरी इकडचा तिकडे झाला तरी अख्खा ठसा बदलतो. म्हणजे मी इथून पाठवलेली फाईल तिथे जशीच्या तशी पोचली की वाटेत कुणी तिच्यात काही कालवले, हे ठसा जुळवला की कळते. हे मीच ताईंना एकदा जेवणाच्या सुट्टीत सहज सांगितले. नसते सांगितले तर बरे झाले असते, असे मी पुढे कितीदा तरी म्हणालो. कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम काढला: नवीन फाईल पोचली की रक्तपेढीतल्या माणसाने आम्हाला फोन करायचा, पडद्यावर दिसणाऱ्या ठशाची शेवटची आठ अक्षरे वाचायची, ताईंनी ती आपल्या वहीशी ताडायची, आणि जुळली तरच म्हणायचे, "बसवा." आधी समोरच्याने वाचायचे. ताई स्वतः एक अक्षर आधी उच्चारत नसत.

ही रीत त्यांनी रक्तपेढीतूनच आणली होती. आमच्याकडे येण्याआधी एकोणीस वर्षे त्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होत्या. तिथे पिशवी बाहेर देताना एकजण पिशवीवरचा क्रमांक मोठ्याने वाचतो आणि दुसरा आपल्या हातातल्या कागदाशी ताडून म्हणतो, जुळलं. दोन माणसे, दोन कागद. एकट्याने दोन्ही केलेले चालत नाही.

त्यांच्या मुलाखतीला मी हजर होतो. मालकांनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला, तुमची आजवरची सर्वांत मोठी चूक कोणती. या प्रश्नाला सगळे "मी कामात फार गुंततो" छापाचे उत्तर देतात आणि मालक मान डोलावतात. ताईंनी खरेच उत्तर दिले.

"नोकरीचं चौथं वर्ष होतं," त्या म्हणाल्या. "समोरच्या मुलीने पिशवीचा नंबर वाचला आणि मी हातातल्या कागदाकडे न बघता म्हटलं, जुळलं. पिशवी दुसऱ्याची होती. रक्त चढायला लागल्यावर त्या माणसाला हुडहुडी भरली. नर्स हुशार होती, तिने लगेच थांबवलं. माणूस वाचला, पण अकरा दिवस जास्त पडून राहिला तो माझ्यामुळे."

मालक या वेळी मान डोलवायचे विसरले. "मग?" एवढेच म्हणाले.

"मग मी जाऊन सांगितलं. आमच्या मोठ्या बाईंनी अहवाल लिहिला, माझी सही घेतली, आणि म्हणाल्या, आता हात धू, घोटभर पाणी पी, आणि पहिल्या पिशवीपासून पुन्हा सुरुवात कर. त्यानंतर पंधरा वर्षं काढली मी तिथे. गुडघ्यांनी सोडवलं, नाहीतर अजून तिथेच असते."

मालकांनी त्यांना तिथल्या तिथे नोकरी दिली. मालकांच्या आयुष्यातल्या शहाणपणाच्या दोन-तीन गोष्टींपैकी ही एक.

एकदा त्यांच्या घरचा प्रिंटर बिघडला म्हणून मी गेलो होतो. नवरा घड्याळे दुरुस्त करतो. बाहेरच्या खोलीत टेबलावर उघडी घड्याळे, डोळ्याला भिंग. आत सासूबाई, त्यांना कमी ऐकू येते म्हणून घरात सगळेच चढ्या आवाजात बोलतात. कॉलेजात जाणारी मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली तशी ताईंनी विचारले, "गॅस बंद केलास?"

"हो."

"बघून की न बघता?"

मुलगी मुकाट्याने परत आत गेली. घड्याळजींनी भिंगातून मान न उचलता मला सांगितले, "हे रोजचंच आहे. लग्नाला हिने हो म्हटलं ते बघून की न बघता, हे मी मात्र अजून विचारलेलं नाही."

"न बघता," ताई म्हणाल्या. "म्हणून तर तेव्हापासून सगळं बघते."

आता त्या फेब्रुवारीकडे येतो. ते वर्ष लीप वर्ष होते. वीस तारखेला दुपारी मी आपला जुना कोड चाळत बसलो होतो आणि एका ओळीपाशी माझे बोट थांबले. रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या काढून ठेवतात. त्या फक्त पाच दिवस टिकतात, आणि त्यांची शेवटची तारीख मोजणारा भाग मी तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी घाईघाईत लिहिला होता. महिन्यांचे दिवस मी सरळ हाताने टाकले होते. एकतीस, अठ्ठावीस, एकतीस, तीस. एकोणतीस तारखेचा मला पत्ताच नव्हता. म्हणजे चोवीस फेब्रुवारीला घेतलेल्या पिशवीवर एकोणतीसच्या जागी एक मार्च छापले गेले असते. एक दिवस जास्त. शिळ्या प्लेटलेट, त्याही कर्करोगाच्या वॉर्डातल्या, अंगात जरासुद्धा ताकद न उरलेल्या माणसांना.

मी मालकांना सांगितले. ताईंना सांगायला जास्त धीर लागला. त्यांनी ऐकून घेतले आणि वहीत नवीन पान काढून वर लिहिले: तेवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत त्र्याऐंशी.

चूक दुरुस्त करायला मला एक दिवस लागला. बावीसला सकाळी दहा वाजता पहिल्या काही रक्तपेढ्यांना नवीन फाईल पाठवली, आणि सव्वादहाला फोन सुरू झाले. सगळीकडे एकच रड. पडद्यावर लाल चौकोन: धोका आढळला, फाईल कोंडून ठेवली आहे.

आमच्या बहुतेक रक्तपेढ्यांत एकाच कंपनीचा अँटिव्हायरस आहे. तो म्हणजे दारावरचा पहारेकरी. कधी न पाहिलेली फाईल आली की तो आधीच दचकतो, त्यात मी फाईल लहान व्हावी म्हणून तिची आवळून घडी घालून पाठवली होती. चोरटे प्रोग्रामही असेच घडी घालून येतात. पहारेकऱ्याने घरच्याच माणसाची गचांडी धरली होती.

मी घडी मोडून फाईल नव्याने बनवली. तरी निम्म्या ठिकाणी लाल चौकोन येतच राहिला. अँटिव्हायरसच्या कंपनीला रीतसर कळवले, की तुमचा गजर खोटा आहे, तपासून बघा. त्यांचे उत्तर आले: दोन दिवसांत कळवू. आमच्याकडे दीड दिवस होता.

मालक खुर्ची ओढून मधोमध बसले. "सोपं आहे. सगळ्यांना निरोप धाडा. अँटिव्हायरस दहा मिनिटं बंद करा, फाईल बसवा, परत चालू करा."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मी हे सांगणार नाही," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, फाईल आपली आहे. गजर खोटा आहे, हे आपल्याला माहीत आहे."

"आपल्याला इथे बसून माहीत आहे. तिकडे त्यांच्या मशीनवर काय पोचलंय ते आपण कुठे बघितलं? आणि आज मी म्हटलं, लाल दिसलं तरी दाबा, की उद्या खरोखरचं लाल आलं तरी ते दाबतील. माझंच नाव घेऊन दाबतील. मी त्यांच्या हाताला वाईट सवय लावणार नाही."

"मग करायचं काय? त्र्याऐंशी ठिकाणी जाऊन बघायचं?"

"फोन करायचा. ठसा वाचून घ्यायचा. जुळला की त्या एका फाईलपुरती परवानगी द्यायला सांगायचं, पहारेकरी जागच्या जागी. एकेकाला दहा मिनिटं. तुम्ही दोघं नुसते बसून आहात, तुम्हीही फोन घ्या."

आम्ही नुसते बसून नव्हतो, पण त्या आवाजापुढे वाद घालायची मालकांची छाती झाली नाही. मी दुसरा फोन घेतला आणि मनातल्या मनात जे काही म्हणायचे ते म्हणून घेतले.

काम मात्र मार्गी लागले. "सात, एफ, दोन, नऊ," पलीकडून कुणी वाचायचे, ताई पेन्सिलीने एकेका अक्षराखाली टिंब द्यायच्या, आणि आठवे टिंब पडले की "जुळलं, बसवा". पानावर एकेक बरोबरची खूण वाढू लागली. दुपारनंतर तर वेग फारच वाढला. सुरुवातीला लोक चाचपडत, ओळ हरवत, पुन्हा पहिल्यापासून वाचत. चार वाजल्यानंतर घडाघडा वाचू लागले. मला वाटले, सरावले.

पाचच्या सुमारास ताईंच्या जुन्या रक्तपेढीतून फोन आला. त्या मोठ्या बाई अजून तिथेच होत्या, निवृत्तीला दोन महिने उरलेले. ताईंचा चेहरा उजळला. "आमच्याकडे काही लाल-बिल आलं नाही हो," बाई म्हणाल्या, "गुणी मशीन आहे आमचं." मग त्यांनी आठ अक्षरे वाचली, न अडखळता. ताईंनी खूण केली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले: लाल चौकोन नाही. मी म्हणालो, सगळ्याच रक्तपेढ्या अशा असत्या तर काय हवे होते.

तेवीसला दुपारी बारापर्यंत सहासष्ट खुणा झाल्या. फक्त सतरा उरल्या. वडे मागवावेत असा विचार मालकांनी बोलून दाखवला आणि मी खुर्चीतच हात वर करून आळस दिला. तेवढ्यात कालव्यापलीकडच्या रक्तपेढीचा फोन वाजला. तिथला तंत्रज्ञ बोलका गडी आहे.

"ताई, लिहून घ्या," म्हणाला, आणि आठही अक्षरे वाचून मोकळा झाला.

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. "फाईल कधी आली तुमच्याकडे?"

"येईल की आता."

त्याला फाईल अजून पाठवलीच नव्हती. आम्ही टप्प्याटप्प्याने पाठवत होतो, त्याचा नंबर दोन वाजता होता.

"मग अक्षरं कुठली वाचलीत?"

तो म्हणाला, "आम्हा रक्तपेढीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती ना. काल साडेतीनला कुणीतरी टाकली. ताईंना हीच अक्षरं सांगायची असतात, म्हणजे त्यांचा वेळ वाचेल. तुमचा घसा बसला असेल, असं सगळेच म्हणत होते."

लबाडी कुणीच केली नव्हती. उलट मायेने केले होते. ज्या माणसांना आयुष्यभर दोन कागद ताडायची सवय, त्यांनी ताईंवरच्या जिव्हाळ्यापोटी दोन्ही कागद एकच करून टाकले होते. आमच्याच वहीतली अक्षरे आम्हालाच परत ऐकवली जात होती.

ताईंनी फोन ठेवला, पट्टी घेतली, आणि काल साडेतीननंतरच्या सगळ्या खुणा एकेक करून खोडायला सुरुवात केली. चौतीस निघाल्या.

माझा तोल गेला. मी टेबलावर हात आपटला, एक पेन्सिल घरंगळत खाली गेली. "चौतीस परत? आणि सतरा नवीन? पाच तासांत एक्कावन्न फोन? ताई, बहुतेकांनी बघूनच वाचलं असेल. ज्यांचा संशय वाटतो त्यांना नुसतं विचारू."

"विचारलं तर सगळे म्हणतील, बघूनच वाचलं. मी पण त्या दिवशी जुळलं म्हणालेच होते."

"हा निव्वळ हट्ट आहे."

"आहे," त्या म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही ते अठ्ठावीस दिवस लिहिलेत, ते कॅलेंडर बघून की न बघता?"

मी वाकून पेन्सिल उचलली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. मला राग आला होता, आणि तो राग त्यांच्यावर नाही हे मला कळत होते, त्यामुळे तो आणखीनच आला.

"आता नवीन रीत," ताई म्हणाल्या. "प्रत्येकाला वेगळी जागा विचारायची. कुणाला नववं अक्षर ते सोळावं, कुणाला पंचवीस ते बत्तीस. आपण फोनवरच सांगायचं कुठून वाचायचं. म्हणजे पडद्याकडे बघितल्याशिवाय कुणाला वाचताच येणार नाही. मालक, तुम्हीही एक फोन घ्या."

मालकांनी घेतला. आम्ही तिघे साडेबारा ते साडेचार जागचे हललो नाही. लोक वैतागले, काहींनी टोमणे मारले. एकाने मला विचारले, तुमच्या ताईंचा आमच्यावर विश्वास नाही का. मी म्हणालो, विश्वास आहे, म्हणून तर तुम्हालाच वाचायला सांगतायत. हे वाक्य माझ्या तोंडून कसे निघाले मला माहीत नाही. ठसे जुळत गेले. बारा जुळले, वीस जुळले, तीस जुळले. मला आतून वाटू लागले, की बघा, मी म्हणत होतो तसेच झाले, चार तास वाया. ताईंना ते ऐकवायचे वाक्यही मी तयार करून ठेवले होते.

वहीच्या क्रमाने मोठ्या बाईंची रक्तपेढी शेवटून दुसरी होती. फोन ताईंनीच लावला. मी कान देऊन ऐकत होतो, त्यांनी तो स्पीकरवर ठेवला होता.

"अगं, काल वाचलं की मी," मोठ्या बाई म्हणाल्या.

"परत वाचायचंय, बाई. सतरावं अक्षर ते चोविसावं. मोजून."

"तुला मी शिकवलंय पोरी. माझ्या शब्दावर भागणार नाही का?"

ताईंनी डोळे मिटले आणि उघडले. "तुम्हीच शिकवलंय, म्हणून भागणार नाही."

पलीकडे खुर्ची सरकली. बाई मोजत होत्या, एक, दोन, तीन, पुटपुटलेले आम्हाला ऐकू येत होते. मग त्यांनी वाचले. ताईंची पेन्सिल पहिल्याच अक्षराखाली थबकली. दुसरे नाही, तिसरे नाही. आठातले एकही नाही.

"परत वाचा, बाई."

बाईंनी परत वाचले. तेच.

"जुळत नाही," ताई म्हणाल्या. आवाज अजिबात हलला नाही. "नवीन प्रोग्राम बसवला होतात का तुम्ही?"

"बसवला होता काल. सारखा बंद पडत होता. मग आज सकाळी जुनाच परत लावला. म्हटलं, तुम्ही गडबडीत आहात, दोन दिवसांनी सांगू."

जुना प्रोग्राम. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे प्लेटलेटच्या पिशव्या भरल्या जाणार होत्या, आणि प्रत्येकीवर एक मार्च छापले जाणार होते.

"बाई, तुमच्या मशीनवर अँटिव्हायरस चालू आहे का? बघून सांगा."

बराच वेळ गेला. "बंद आहे," बाई म्हणाल्या. "कधीपासून बंद आहे देव जाणे. कुणी केला तेही माहीत नाही."

म्हणजे जिथे जिथे गजर वाजला होता तिथे चोर नव्हता, आणि जिथे चोर घरात शिरून बसला होता तिथे गजर वाजवायला कुणी नव्हते. खराखुरा व्हायरस होता तो, येईल त्या फाईलला चिकटणारा, हे पुढे ते मशीन तपासल्यावर पक्के कळले. आमची फाईल तिथे धडधाकट पोचली होती आणि पोचल्यावर बिघडली होती, म्हणून तिचा ठसा जुळत नव्हता. गुणी मशीन.

"नेटवर्कची वायर काढा, मशीन बंद करा, आणि त्यावरून एकही चिठ्ठी छापू नका," ताई म्हणाल्या. "उद्या सकाळी आमचे भाऊ दुसरं मशीन घेऊन येतील. तोवर हाताने लिहा."

"हाताने तर मी तीस वर्षं लिहिलंय," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, हळू आवाजात: "लिही तुझ्या वहीत. काल मी पडद्याकडे न बघता वाचलं. ग्रुपवरचं वाचलं. माझं नाव लिही."

ताईंनी लिहिले. पेन्सिल कागदावर सावकाश चालली. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि दुसरीकडेही बघवेना. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले, आणि बाई पलीकडून म्हणाल्या, बरोबर.

"आता हात धुवा, बाई," ताई म्हणाल्या. "घोटभर पाणी प्या. आणि पहिल्या पिशवीपासून सुरुवात करा."

पलीकडून "बरं" असे एका शब्दाचे उत्तर आले, आणि फोन ठेवला गेला. ताईंनी पदराने डोळे टिपले, नवीन पेन्सिल घेतली, आणि उरलेली शेवटची रक्तपेढी लावली. ती जुळली. माझे तयार करून ठेवलेले वाक्य माझ्यापाशीच राहिले.

चोवीसला पहाटेच्या बसने मी निघालो, मांडीवर स्वच्छ केलेला संगणक. नवाच्या सुमाराला पोचलो. लांबट खोली, भिंतीला फ्रीज, आणि कोपऱ्यात एक कपाट, ज्यातले कप्पे सतत डुलत असतात, कारण प्लेटलेटच्या पिशव्या हलत्या ठेवाव्या लागतात. टेबलाशी मोठ्या बाई, लहानखुऱ्या, केस पांढरेशुभ्र, आणि समोर एक तरुण तंत्रज्ञ. मधे भिंतीवरून काढून आणलेले कॅलेंडर.

"तुम्ही ते तारीखवाले का?" बाईंनी विचारले.

"तोच मी," म्हणालो.

जुने मशीन उचलायला वाकलो तर त्यामागच्या भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला दिसला. आमच्या कंपनीच्या सूचना, सात वर्षांपूर्वीच्या, ताई येण्याआधीच्या. चौथी ओळ अशी होती: अडथळा आल्यास अँटिव्हायरस बंद ठेवावा. खाली माझी सही.

मी तो कागद काढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही थोडा निघाला. बाईंना दाखवला आणि म्हणालो, तुमच्या नावाच्या वर माझं नाव लिहायला हवं होतं. बाई म्हणाल्या, वही काही भरलेली नाही, जागा असेल. तेवढे बोलून त्या कामाला लागल्या.

"घेतल्याची तारीख, चोवीस."

"चोवीस," समोरचा आपल्या कागदाकडे बघून म्हणाला.

"शेवटची तारीख?" बाईंचे बोट कॅलेंडरवर एकेक घर पुढे सरकले. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. "एकोणतीस."

"एकोणतीस. जुळलं."

मी कचेरीत फोन लावला. ताईंनीच उचलला.

"ताई, झालं. इथल्या तारखा बरोबर आहेत."

"बघून की न बघता?"

बाईंनी हातातली पिशवी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली. हाताला गार लागत नव्हती, खोलीइतपतच होती. चिठ्ठीवर निळ्या शाईत, वळणदार ठसठशीत अक्षर.

"पिशवी माझ्या हातात आहे," मी म्हणालो.

"मग वाचा," ताई म्हणाल्या, आणि वहीचे पान उलटल्याचा आवाज आला. मी पहिल्या अंकापासून वाचायला लागलो.